कुंपणापलीकडची वेरोनिका

शेजारच्या मिसेस प्रॉक्टरच्या वाफ्यात शेंड्याला पांढरे होत गेलेले जांभळट-गुलाबी तुरे दिसले, तेव्हा नॉरिस हेस्लमच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली.

वेरोनिकाचं फुलझाड आमच्या गावात दर बागेत असतं, पण निळ्या तुऱ्यांचं. हा शेंड्याला पांढरा होणारा गुलाबी रंग फक्त मेव्हिसच्या, नॉरिसच्या बायकोच्या, वाफ्यात आपोआप उगवला होता. ती गेली त्या शरद ऋतूत नॉरिसला अर्धा गड्डा फावड्याने सरळ कापून नेलेला दिसला. उरलेला हिवाळ्याच्या ओलीत कुजला. तिची म्हणावी अशी दुसरी जिवंत वस्तू घरात नव्हती.

त्याने पाळत ठेवली. तो कुंपणाशी आला की मिसेस प्रॉक्टर नेमकी त्या तुऱ्यांपुढे उभी राही.

"यंदा गोगलगाई फार झाल्यात, नाही?" ती म्हणे.

"फुलं छान आलीत तुमची."

"वाटाणे बघा ना, कसे सुकले!"

तिसऱ्यांदा वाटाणे निघाले तेव्हा त्याने सरळ विचारलं, "मिसेस प्रॉक्टर, माझ्या वाफ्यात फावडं कुणी घातलं?"

ती लाल झाली. "मेव्हिसनं. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं स्वतः कुंपणावरून दिलं."

"अंथरुणावरची बाई?"

"फावड्यावर रेलून उभी होती. ओरडले मी तिच्यावर."

"मग वर्षभर गप्प का?"

"बोलायला लागले असते तर तोंडून आभार निघालेच असते. दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते मरतं. माहीत नाही तुम्हाला?"

माहीत होतं. पाद्रीबुवांनी दिलेल्या रूबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, रोपाबद्दल तो एकदा 'थँक यू' म्हणाला होता. रूबार्ब मेलं आणि मेव्हिस आठवडाभर त्याला टोचत होती.

"मला थोडं..." तो म्हणाला.

"आत्ता फुलात आहे, हात लावायचा नाही. सप्टेंबरात या."

सप्टेंबरपर्यंत तो रोज सकाळी कुंपणावरून गड्डा जागेवर आहे ना, ते बघत राहिला. मग एके दिवशी तिने त्याच्यादेखत फावडं मारलं आणि अर्धा गड्डा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. नॉरिसचे ओठ हलले.

"खबरदार!" मिसेस प्रॉक्टर म्हणाली.

त्याने ओठ मिटले. "वाटाणे फारच वाईट आले हो तुमचे," तो म्हणाला आणि गड्डा छातीशी धरून घरी गेला.