आरशातलं बोट

पोर्चवर एकूण सात वस्तू होत्या: जुन्या दाराची एक मोठी काच, तीन काळ्या चादरी, एक टेबललॅम्प, शाळेच्या बसमधलं मोडीत निघालेलं हिरवं आसन आणि चॉकलेटांचं पातेलं. चाकांची खुर्ची आणि तिच्यातले बाबा मी त्यात धरले नव्हते.

बाबांनी ओहायोतल्या आमच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. एप्रिलमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. चेहऱ्याची डावी बाजू ओघळली, डावा हात गेला. तेव्हापासून ते कुणासमोर गेले नव्हते. हॅलोविनला मुलं भुताखेतांचे वेश करून चॉकलेटं मागायला दारी येणार म्हटल्यावर त्यांनी मला पडदे ओढून घ्यायला सांगितलं.

"भूत म्हणून तरी बसा," मी म्हणाले.

"वाकडं तोंड फुकटचंच आहे, घे वापरून." हल्ली त्यांचे शब्द एकमेकांत अडकत. "पण अट ऐक, कोरीन. एका जरी पोराने मला ओळखलं, तर थँक्सगिव्हिंगला चर्चमध्ये सगळ्यांबरोबर जेवायला येईन. नाही ओळखलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

काच मी पंचेचाळीस अंशांत उभी केली. तिच्यामागे पाच फुटांवर आसन, भोवती काळ्या चादरी. बाबा बाजूला, चादरीआड, काचेपासून तेवढ्याच पाच फुटांवर, तोंडावर दिवा. पायऱ्यांवरून पाहिलं की ते आसनावर बसलेले दिसत आणि त्यांच्या आरपार आसनाची शिवण दिसे. त्यांना मात्र उजेडातून अंधारातलं कुणीच दिसत नव्हतं. म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. जो नाव घेईल त्याने ओळखलं, असं मी ठरवलं.

सहाला मुलं येऊ लागली.

"बाप रे, आरपार दिसतंय त्याच्या!"

"आत टीव्ही असणार, येड्या."

"भूतकाका, दोन घेऊ का?"

साडेसातपर्यंत पन्नास मुलं येऊन गेली.

"किती?" बाबांनी चादरीआडून विचारलं.

"अजून अर्धा तास आहे."

"किती, म्हटलं."

"शून्य."

"बंद कर दिवा."

मी उठेपर्यंत एक घोळका पायऱ्या चढला. "ए, ढकलू नको ना!" कुणीतरी ओरडलं. बाबांनी सवयीने उजव्या हाताचं बोट वर केलं आणि सावकाश खाली आणलं. चालत्या बसमध्ये कुणी उभं राहिलं की डोक्यावरच्या लांबट आरशातून ते हीच 'खाली बसा'ची खूण करत. मागच्या मुलांना त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं त्या आरशातच दिसायचा. काचेतही तसाच दिसत होता, डावा-उजवा उलटा.

ढकलाढकली थांबली. एक चेटकीण पायरीवर बसली. तिच्या शेजारी एक सांगाडा टेकला.

दिवा मी आठपर्यंत चालू ठेवला; पायऱ्यांवर पावलं वाजली की बाबा बोट वर करत. एकूण मुलं एकोणसत्तर. नाव घेतलेली शून्य. बोट पाहिलेली एकोणीस, त्यांतली खाली बसलेली अकरा.