पंजाबरावाची गाडी न्यूट्रलमध्ये होती

दिल्लीचे साहेब वणीत आले त्या दिवशी मोहिउद्दीन मिस्त्रीनं गॅरेज उघडलंच नाही. सकाळपासून रेस्ट हाउसच्या आवारात बसून होता. वणीतले ड्रायव्हर सारे तिथंच जमा झालते.

चौकशी गिअरबॉक्सची होती. एका कंपनीचे टिप्पर दोन-तीन वर्षांपासून कोळशाच्या खाणींवर चालून राह्यले होते, अन् भरल्या गाडीचा चौथा गिअर उतारावर आपोआप सटके. लिव्हर झटका देऊन न्यूट्रलले येई. मंग इंजिन गाडीले धरत नाही, सारा भार ब्रेकवर. कंपनी म्हणे, तुमच्या ड्रायव्हरले गिअर टाकता येत नाही. तक्रारी लय झाल्या तवा कुठं सरकारनं दोन अधिकारी धाडले.

"गिअर पाहाले आता आले," आसिम ड्रायव्हर म्हणाला. "ब्रेक पाहाले येतील तवर आपले नातू गाड्या चालवत असतील."

लोक हसले. मोहिउद्दीन हसला नाही. त्याच्या पोटात वर्षभरापासून एक गोष्ट होती.

झालं असं, कंपनी ऐकत नाही म्हणून ड्रायव्हर लोकायनं आपला इलाज काढला होता. जुन्या ट्यूबची पट्टी कापायची, लिव्हरले अडकवायची, दुसरं टोक सीटच्या लोखंडाले बांधायचं. गिअर सटकाले गेला का पट्टी ओढून धरे. त्या कंपनीची एकबी गाडी वणीत बिनापट्टीची नव्हती. अन् सवय अशी, का पोलीस नाहीतर आरटीओ दिसला का हात पहिले पट्टीवर. काढा अन् सीटखाली टाका. जुगाड दिसला त चूक ड्रायव्हरचीच धरतात, हे साऱ्यायले पाठ होतं.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याले, भर दुपारी, पंजाबरावाची गाडी वर्धा नदीच्या पुलाकडच्या उतारावर उलटली. पंजाबराव म्हणजे मोहिउद्दीनचा वीस वर्षांचा दोस्त. फोन आला तसा तो मोटारसायकलवर निघाला, सर्वात आंधी पोचला. पंजाबराव गेलता. पाठीमागून पोलिसांची जीप येताना दिसली, अन् मोहिउद्दीननं तेच केलं जे वणीतल्या कोणीबी केलं असतं. पट्टी काढली, पुलावरून खाली फेकली. मेलेल्या दोस्ताच्या माथी जुगाडाचा ठपका नको, एवढंच मनात.

अन् पंचनाम्यात काय आलं? लिव्हर न्यूट्रलमध्ये. म्हणजे ड्रायव्हर डिझेल वाचवाले न्यूट्रल मारून उतरत होता. गाडीखाली एक मास्तर बी गेला होता, म्हणून पेपरवाल्यायनं ते मोठं करून छापलं. सारी वणी तेच बोलली.

मोहिउद्दीन बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता उलटलेली गाडी भंगारात गेली. मंग त सांगायची भीतीच वाटे. पुरावा कोणी फेकला म्हणून पोलीस आपल्यालेच धरतील.

दुपारी पंजाबरावाच्या नावाचा पुकारा झाला. त्याची बायको मैनाबाई आत गेली, संगं पोरगी वैष्णवी. बापाचा अपघातबी या चौकशीत धरा, असा अर्ज वैष्णवीनंच मोबाईलवर भरला होता, आईचं न ऐकता. साक्षीदार म्हणून मोहिउद्दीनले बोलावलं.

दोघातला मोठा साहेब भला माणूस होता, मूळचा नागपूरचा. त्यानं पोलिसांचे फोटो टेबलावर मांडले अन् सावकाश समजावलं. इथल्या सतरा गाड्या पाहिल्या, चौकशी कंपनीची म्हणून ड्रायव्हरांनी या खेपेला पट्ट्या लपवल्या नव्हत्या, सतराच्या सतरा पट्टीच्या. या फोटोत मात्र लिव्हर मोकळा.

"गिअर सटकत असता तर यांनीही पट्टी बांधली असती ना, बाई. नाही बांधली, म्हणजे गाडी ठीक होती. दुसरा अर्थ निघत नाही."

मैनाबाईनं नुसती मान हालवली, जसं तिले आंधीच माहीत होतं. वैष्णवी मोहिउद्दीनकडे पाहून राह्यली होती.

"पट्टी होती, साहेब," मोहिउद्दीन म्हणाला. "म्या काढली."

साहेबानं पेन खाली ठेवला. मंग परत उचलला. सारं लिहून घेतलं, सही घेतली. कंपनीले या गाड्या परत बोलवाव्या लागतील असं दिसतं, म्हणाला, पण पंजाबरावाची केस त्यात धरता येणार नाही. गाडी नाही, पट्टी नाही, फोटो उलटा बोलतो, अन् राह्यला तो दोस्ताचा शब्द, तोबी वर्षभरानं. पंचनामा आहे तसाच राहील. अन् पोलीस तुम्हाला बोलावतील, एवढं त्यानं मोहिउद्दीनले सांगून ठेवलं.

बाहेर येऊन मैनाबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मोहिउद्दीन चार हात दूर उभा राह्यला. शिव्या देईल त बरं होईल, असं त्याले वाटलं.

"मिस्त्रीभाऊ, मी बी मानलं होतं," ती म्हणाली. "पेपरातलं. मास्तराच्या बायकोच्या पाया पडून आली मी. वर्षभर त्याच्यावर रागावूनच राह्यली. तुमी एक शब्द सांगितला असता त मी त्याच्यासाठी रडली त असती."

 मोहिउद्दीनजवळ एक गोष्ट उरली होती, जी त्यानं साहेबालेबी सांगितली नव्हती. त्याच्यानं तिथं सांगवलीच नाही.

"भाभी, पट्टी तुटली होती. लिव्हरकडचं तुटलेलं टोक त्यानं मुठीले गुंडाळून घेतलं होतं. दोन आटे. ते काढाले मले त्याची बोटं एक-एक सोडवा लागली."

मैनाबाईनं त्याच्याकडे पाह्यलं. "ओढून धरली होती?"

"शेवटपर्यंत."

तिनं पदर तोंडाले लावला. मंग तो बी सुटला अन् ती मोठ्यानं रडाले लागली, त्या दुपारी रडाले पाहिजे होतं तशी. वैष्णवीनं तिले धरलं. आवारातले ड्रायव्हर एकेक करून उठले अन् तिच्याकडे पाठ करून उभे राह्यले, तिले लाजाले नको म्हणून. मोहिउद्दीनले पुढं जावंसं वाटलं. गेला नाही.

आतून पुढच्या गाडीचा नंबर पुकारला. आसिमची गाडी होती. दोनदा पुकारलं, तरी तो जागचा हालला नाही.