तिसऱ्या हाकेची वाट

१९७८ साल. त्या वर्षी आमची शेवंती दिवाळीआधीच फुलली आणि माझा धाकटा दीर मोतीराम विहिरीला ओ देऊ लागला.

आम्ही मखमलाबादच्या बाजूला फुलं पिकवायचो. पहाटे सगळं घर खुडणीला उतरायचं. मोतीराम मधेच पाटी खाली ठेवायचा, विहिरीकडे तोंड करून "ओ" म्हणायचा आणि तिकडे चालू लागायचा. एकदा तर माझ्या नवऱ्याने त्याला काठावरून ओढून आणलं. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी सासूबाईंनी घराला नियम घालून दिला. खालचं जे आहे ते दोनदाच हाक मारतं, माणूस तिसरी मारतो. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय कोणी ओ द्यायची नाही. नियम त्याच्यासाठी होता, पण अंगवळणी पडला आमच्या. जेवायला बोलावतानासुद्धा मी तीनदा हाक मारायची.

माझा भाऊ जयराम नाशिक रोडला प्रेसमध्ये होता. त्याने वकील गाठून दिला. वकील म्हणाले, बायकोने अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की येरवड्याच्या इस्पितळात ठेवून घेतात.

सासूबाई बिथरल्या. "नवऱ्याला येडा म्हणून अंगठा देनार का? मंग कुंकू कोनाच्या नावाचं लावशील?"

मोतीरामची बायको साळूबाई चूल सारवत होती. तिने मान वर केली नाही. "इहिरीत गेल्यावर कोनाच्या नावाचं लावू, सासूबाई?"

आठवड्याभरात तिने अर्जावर अंगठा दिला.

तारखेच्या दिवशी वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो, मोतीराम आम्हा दोघी जावांच्या मधे. शिपायाने दारात येऊन साळूबाईचं नाव पुकारलं. ती हलली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. तिने पदर मुठीत धरला, आणि मीसुद्धा तिच्याइतकीच गप्प बसून राहिले. शिपाई घाईत असावा. तो आत गेला.

मोतीरामने बायकोच्या हातावर थोपटलं. "बरं केलंस. दोनच व्हत्या."

अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकालात निघाला. वकील चिडले, पण त्यांनी नवा अर्ज घातला. तारीख लांबची मिळाली.

त्या मधल्या दिवसांत मोतीराम शांत झाला. एका पहाटे मी शेवंतीच्या ओळीत वाकले होते. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याचे डोळे स्वच्छ दिसत होते.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मला आता हाक येत नाय. तिला येती."

मी वळून पाहिलं. साळूबाई विहिरीच्या काठावर उभी होती, खाली बघत. आम्ही कोणी तिला हाक मारली नव्हती. ती "ओ" म्हणाली. मी धावत जाऊन तिचा पदर धरला. अंग गार होतं तिचं. फुलं राहिलीत म्हणाली आणि पाटी उचलून ओळीत शिरली.

दुसऱ्या तारखेला शिपायाने पहिल्यांदा नाव घेतलं आणि ती ताडकन उठली. मॅजिस्ट्रेटनी मोतीरामला हाकांबद्दल विचारलं. तो नुसता साळूबाईकडे बघत राहिला. दाखले पाहून हुकूम झाला. गाडीत बसताना तो आम्हाला सांगत होता, "मला नका नेऊ, हिला न्या." येडा माणूस असंच बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. साळूबाई खुडणी करत होती, भाकरी थापत होती, कोणाला त्रास देत नव्हती. तिच्यासाठी कोण अर्ज करणार?

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात वारल्या. साळूबाई ८० सालच्या दसऱ्याच्या आदल्या पहाटे खुडणीतून नाहीशी झाली. इंजिन लावून विहीर तळापर्यंत उपसली. खाली गाळ होता, बाकी काही नाही. निफाडला तिच्या माहेरीही ती गेली नव्हती. मोतीराम पुढच्या वर्षी बरा होऊन आला. जयरामने त्याला नाशिक रोडला एका दुकानात लावून दिलं. त्याने दुसरं लग्न केलं नाही. मळ्यावर तो पुन्हा कधी आला नाही. माझे मालक दोन वर्षांमागे वारले. विहीर बुजवून तिथे आता सोसायटी झाली आहे, आणि विहिरीच्या जागेवर तळमजल्याचं जे घर आलं, त्यात भाडेकरू टिकत नाहीत.