दुसरं टोक

मी बोलतोय, मांजरपाटाचा फलक. फलकाला कसली बोलायची हौस, असं म्हणाल. अहो, बोलण्यासाठीच तर माझा जन्म, आणि नेमकं तेवढंच माझ्या हातून झालं नाही.

कराडच्या नाथाजी पेंटरनं मला फरशीवर अंथरलं आणि तांबड्या रंगात लिहिलं, 'अणुभट्टी नको'. खाली दुसऱ्या ओळीला जागा सोडली. दोन्ही टोकांना काठ्या शिवल्या. खालची ओळ माझी माणसं जनसुनावणीच्या दिवशी ठरवणार होती.

भट्टी येणार होती सांगलीच्या पूर्वेला, बिराप्पा धनगराची मेंढरं चरतात त्या माळावर. सुनावणीचा मंडपही तिथंच पडला. जरा अलीकडं बाभळीखाली बिराप्पा, कॉलेजात शिकवणाऱ्या क्रांतीताई आणि फौजेतून परतलेले हंबीरराव मला पसरून बसले. भट्टीची धास्ती तिघांनाही सारखीच. पाणी ती पिणार आणि तिचा विषारी कचरा नातवंडांच्या उशाशी राहणार, यावर वाद नव्हताच.

गाडं अडलं दुसऱ्या ओळीवर. ताईंना हवं होतं, 'सूर्य घ्या, वारा घ्या'. हंबीरराव म्हणाले, काहीही लिहा, पण देशाच्या बाँबला नावं ठेवायची नाहीत. ताई म्हणाल्या, भट्टीची वीज काय नि बाँब काय, दोन्ही एकाच चुलीवर शिजतं. झालं, जुंपली दोघांची.

मग बिराप्पा म्हणाला, "ताई, वारा फुकट हाय म्हणून पवनचक्क्या आल्या, तवा माजा निम्मा माळ गेला. ह्यो निम्माच उरलाय."

ताई ओशाळल्या, पण ओळ सोडवेना. तिकडं कर्ण्यावरून विचारणा झाली, कुणाची हरकत आहे का? हंबीररावांनी बसल्या जागेवरूनच हात दाखवला. "थांबा जरा, आमचं ठरतंय."

बिराप्पानं माझी एक काठी उचलली. "आवं, दुसरं टोक धरा की कुणीतरी."

मी अर्धा उभा, अर्धा मातीत. वाऱ्यानं नुसता फडफडत राहिलो. मला तोंड दिलं होतं, पाय दिले नव्हते. दोघांनी वर पाहिलं तेव्हा मंडपातल्या खुर्च्या एकात एक घातल्या जात होत्या. कुणाची हरकत नाही, असं ठरून गेलं होतं.

आता मी बिराप्पाच्या कोकरांवर सावली धरतो. मोजणीचे दगड कुडाला येऊन टेकलेत आणि मला ते नुसते बघावे लागतात. ताई आणि हंबीरराव अजून वेगवेगळे येतात, वेगवेगळे हळहळतात.

बाबांनो, पुन्हा कधी निघालात तर माझी खालची जागा कोरीच राहू द्या. दुसरं टोक तेवढं धरा.