अल्मोरेनाची पाटी

अल्मोरेनाच्या सायकल मंडळाला अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, लांबून डोळ्यांत खुपेल असा पिवळाधमक पोशाख आहे. नियम मात्र एकच, आणि तोही कुठे लिहिलेला नाही. रविवारी सकाळी डोंगरातून हिंडून परत येताना गावाच्या नावाची पाटी जो पहिला ओलांडेल, त्याने पाटी मारली. बक्षीस म्हणाल तर काही नाही. वेनान्सियोच्या बारमध्ये शेगडीजवळचं स्टूल त्याचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत तो कुठल्याही विषयावर बोलायला लागला की बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. एवढ्याशासाठी नातवंडं असलेली माणसं शेवटच्या चढावर तोंडाला फेस येईपर्यंत पेडल मारतात.

एवेलियो कैक वर्षं बोलतच होता. ऑलिव्हवरची कीड, पोपची तब्येत, टायरमधली हवा, शेजारणीचा घटस्फोट, काही म्हणून त्याने सोडलं नव्हतं. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ म्हणजे मंडळातल्याच कासिमिरोच्या बायकोचा, प्राक्सेदेसचा, थोरला भाऊ. म्हणजे कासिमिरोला हे सगळं रविवारी बारमध्ये ऐकावं लागे, आणि मग दुपारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा एकदा.

कासिमिरोने जन्मात पाटी मारली नव्हती. नाही म्हणायला गेल्या वर्षी एकदा मारलीच होती म्हणा. अंजिराच्या झाडापाशी, जिथे त्याच्या लहानपणापासून पाटी उभी होती, तिथे तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि त्याने दोन्ही हात वर केले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. पण त्याच आठवड्यात नगरपालिकेने गावाची हद्द वाढवून पाटी उचलली होती आणि नव्या पेट्रोल पंपाच्या पुढे नेऊन रोवली होती. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. येता-जाता त्याने ती नव्या जागी पाहिली होती. पण चढावर डोकं चालत नाही, पाय चालतात, आणि पायांना अंजिराचं झाड ठाऊक. तो हात वर करून आकाशाकडे बघत असताना एवेलियो शेजारून सुळकन गेला आणि पंपापुढे जाऊन थांबला.

“मेहुणे,” तो म्हणाला होता, “पाटी जिथे असते तिथे असते. झाडाला कोण विचारतो?”

हे वाक्य त्याने वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. नाताळच्या जेवणात तर दोनदा.

या हिवाळ्यात प्रकरण हातघाईवर आलं. त्याआधीच्या थंडीत ट्रेलरमधून सांडलेल्या ऑलिव्हचा रस्त्यावर चिखल झाला होता, त्यावरून घसरून कासिमिरोने गळ्याचं हाड मोडून घेतलं होतं. कित्येक आठवडे प्राक्सेदेस त्याच्या शर्टाची बटणं लावत होती आणि लावता लावता एकच गोष्ट सांगत होती, की आता पुरे. एवेलियोने तोच धागा पकडला. भर बारमध्ये म्हणाला, या वयात सायकल भिंतीवर शोभते, दाजीबांनी ती टांगून ठेवावी हे बरं. कासिमिरोचं डोकं सणकलं. जानेवारीतल्या सान अंतोनच्या सणाच्या होळ्या पेटायच्या आत पाटी मारली नाही तर स्वतःच्या हाताने टांगीन, असं तो सगळ्यांच्या देखत बोलून बसला. आमच्याकडे वकिलासमोर केलेली सही एक वेळ फिरवता येते, बारमध्ये बोललेलं फिरवता येत नाही.

प्राक्सेदेसने नवऱ्याचा शब्द लगेच खरा धरला. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या भिंतीत चांगला जाडजूड हूक बसला. ड्रिल घेऊन कोण आलं होतं हे सांगायला नको.

त्यानंतरचे रविवार एकामागून एक गेले. एकदा चेन निसटली, एकदा वारा समोरून आला, एकदा एवेलियो नुसता जास्त जोरात गेला. कासिमिरो रोज गॅरेजमध्ये जाऊन त्या हुकाकडे बघायचा. आयुष्यभर त्याने ऑलिव्हच्या तेलघाणीवर काम केलं होतं, यंत्रांच्या घरघरीत. रविवारची सकाळ ही एकच वेळ अशी, की डोंगरावर डोंगर चढत जाणाऱ्या त्या झाडांच्या रांगांतून तो जायचा आणि कानांत फक्त चाकांचा आवाज असायचा. ते गेलं तर मागे काय उरणार होतं, याचा विचारही त्याला करवत नव्हता.

होळ्यांच्या आधीचा शेवटचा रविवार उगवला तो धुक्यात. मंडळ खोऱ्यात उतरलं, नदी ओलांडून पलीकडच्या गावात चढलं आणि कमानींच्या चौकात नाश्त्याला थांबलं. एवेलियोने तेलाने निथळणारे दोन टोस्ट हाणले, वर ते तेल आपल्या तेलापुढे कसं पाणी आहे हे वाढणाऱ्याला समजावून दिलं. कासिमिरोच्या घशाखाली कॉफीदेखील उतरेना. मंडळाचा अध्यक्ष निकासियो, जो औषधांचं दुकान चालवायचा आणि मोजूनमापून बोलायचा, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “खा थोडं. उपाशी हरण्यापेक्षा खाऊन हरलेलं बरं.”

परतीच्या वाटेवर धुकं विरलं. रविवार असूनही झाडाझाडाखाली जाळ्या पसरलेल्या होत्या, कारण पावसाचा अंदाज होता आणि प्रत्येकाला त्याआधी माल घाणीवर पोचवायचा होता. प्राक्सेदेसही पहाटेच ट्रॅक्टर घेऊन शेतावर गेली होती. रात्रीपासून ती नवऱ्याशी सायकलबद्दल एक शब्द बोलली नव्हती, आणि हे त्याला बोलण्यापेक्षा जड गेलं होतं.

शेवटच्या चढाला कासिमिरो एवेलियोच्या मागच्या चाकाला चिकटला. आता तू पुढे येऊन समोरचा वारा अंगावर घे म्हणून एवेलियोने कोपर हलवून सांगितलं. याने न पाहिल्यासारखं केलं. गावाची तटबंदी दिसू लागली, अंजिराचं झाड आलं, आणि कासिमिरोने मुसंडी मारली. झाड मागे पडलं, पंप जवळ आला. या वेळी पायांनाही नवी जागा बरोबर ठाऊक होती. पण पंपाच्या भिंतीपाशी त्याच्या मांड्यांतला जीवच गेला, ओल्या कणकेसारख्या झाल्या, आणि शेजारून तो ओळखीचा सुळकन आवाज आला.

एवेलियो पुढे गेला. त्याने दोन्ही हात वर केले, थोडं पुढे जाऊन थांबला, एक पाय टेकला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

कासिमिरो मान खाली घालून त्याच्यापर्यंत आला. आता गॅरेज, हूक आणि संपलं. मान वर केली ती केवळ त्या पाटीला शेवटचं बघून घ्यावं म्हणून. तर पाटी नव्हती. जमिनीतून दोन लोखंडी खुंट वर आले होते, वाकडे, ताजे मोडलेले, आणि आजूबाजूला चार ऑलिव्ह सांडले होते.

“पाटी कुठाय?” त्याने विचारलं.

“कुठाय म्हणजे? इथेच होती.”

“होती ना. आता कुठाय?”

मागून निकासियो आणि बाकीचे धापा टाकत पोचले. सगळे त्या खुंटांकडे बघत राहिले. मग कासिमिरोने रस्त्यावर पुढे नजर टाकली. वेशीच्या कमानीकडे एक ट्रॅक्टर संथपणे चालला होता, मागे ऑलिव्हने भरलेला ट्रेलर, आणि ट्रेलरच्या मागच्या फळीला दोरीने बांधलेली, अक्षरं मागे करून उभी, अल्मोरेनाची पाटी. ट्रॅक्टर त्याच्या घरचा होता. शेताच्या वाटेवरून हमरस्त्याला लागताना तिथे ट्रेलर मागे घ्यावा लागतो, आणि मागे घेताना तो उजवीकडे फेकायचा ही प्राक्सेदेसची पद्धत साऱ्या गावाला ठाऊक होती. चर्चजवळचा दगडी बाक, पाद्रीबुवांच्या कुंड्या, सगळं त्याच बाजूला धारातीर्थी पडलं होतं. आज पाटीची पाळी आली होती, आणि ती बिचारी आता नगरपालिकेत जमा व्हायला निघाली होती.

कासिमिरोच्या डोक्यात वर्षभर ऐकलेलं वाक्य घंटेसारखं वाजलं.

“मेहुणे,” तो म्हणाला, “पाटी जिथे असते तिथे असते.” आणि त्याने पेडलवर पाय दिला.

एवेलियोच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. त्याचा बूट पेडलमध्ये अडकायला तयार होईना. तो मागून ओरडत होता की हे नियमात बसत नाही, आणि ओरडता ओरडता पाठलागही करत होता, म्हणजे नियमात बसतं हे त्यालाही कळलं होतं.

कमानीखालून वरात गावात शिरली. पुढे ट्रॅक्टर, मागे कासिमिरो, त्याच्या मागे एवेलियो, मग अख्खं पिवळं मंडळ. गोट्यांच्या फरसबंदीवर दातांवर दात आपटत होते. प्रार्थना आटोपून चर्चबाहेर आलेली माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. एका म्हातारीने पाटी येताना पाहून छातीवर क्रुसाची खूण केली. गावच चाललंय कुठेतरी, असं तिला वाटलं असावं.

चौकात एवेलियोने त्याला गाठलं. दोघं ट्रेलरच्या मागे बरोबरीने, कासिमिरो डाव्या कडेच्या जरा बाहेर, एवेलियो उजवीकडे, आणि पाटी हातभर पुढे. पण तेवढं अंतर तोडायला दोघांतही त्राण उरलं नव्हतं. कासिमिरोने वर पाहिलं. ट्रॅक्टरच्या बाजूच्या आरशात प्राक्सेदेसचे डोळे होते, सरळ त्याच्यावर रोखलेले.

घाणीच्या बोळात वळण्यासाठी प्रत्येक लांब ट्रेलरला चौकात थांबून एकदा मागे यावं लागतं. ट्रॅक्टर थांबला. मागचा गिअर पडल्याचा तो खरखरीत आवाज आला.

“देवा, मागे घेतेय!” एवेलियो ओरडला. तिला गाडी शिकवली होती त्यानेच, त्यामुळे त्याची भीती अनुभवाची होती. तो सायकलसकट मागे पळाला आणि बारच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

कासिमिरो जागचा हलला नाही. हॅण्डल धरून, एक पाय टेकून तो तसाच राहिला. ट्रेलर मागे आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठेही न फेकला जाता सुतासारखा सरळ आला. त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून आधी पाटी मागे गेली, मग ट्रेलरचं चाक आलं, मग ट्रॅक्टर थांबला.

एवेलियोचं म्हणणं पडलं की मेहुण्याने पाटी ओलांडलीच नाही, पाटीनेच मेहुण्याला ओलांडलं. निकासियोने चष्मा पुसला. दोन्ही माणसं बघितली, पाटी बघितली. कासिमिरो पाटीच्या पुढे आहे आणि एवेलियो मागे आहे, असं त्याने जाहीर केलं, आणि पाटी जिथे असते तिथे असते हा या मंडळाचा जुना निवाडा असल्याचीही आठवण करून दिली.

शेगडीजवळचं स्टूल कासिमिरोला मिळालं. सगळे कान देऊन बसले. इतक्या वर्षांत त्याने मनातल्या मनात किती भाषणं रचून ठेवली होती, पण त्यातलं एकही आठवेना. तो नुसता म्हणाला, “वेनान्सियो, भूक लागलीय.”

घरी आला तेव्हा प्राक्सेदेस घाणीवरून येऊन हात धुवत होती. तो दारात घुटमळला.

“आज ट्रेलर सरळ मागे घेतलास,” तो म्हणाला.

“आरशात बघून घेतला की येतो सरळ.” तिने हात पुसले. “एरवी बघण्यासारखं मागे असतं काय?”

सायकल घेऊन तो गॅरेजमध्ये गेला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. हुकावर खारवून वाळवलेली डुकराची एक अख्खी मांडी टांगलेली होती, नाताळात कापायची राहून गेलेली.

“तिथे जागा नाही,” आतून प्राक्सेदेसचा आवाज आला. “सायकल होती तिथेच ठेव. आणि पुढच्या रविवारी उताराला ब्रेक लावत जा.”