शेंदरी बाण

ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यानं भिजवून अर्पितानं दगड खसाखसा घासला. हळद निघाली, कुंकू मात्र पसरत गेलं आणि खालचा बाण डावीकडं की उजवीकडं, तेही कळेना. हा चौथा दगड. याच्यापुढं तर कुणी नारळाची वाटीसुद्धा ठेवली होती.

"काय लोक आहेत! जरा रंग दिसला की हात जोडून मोकळे!"

ऐकायला रानात कुणी नव्हतं, तरी ती बोलतच राहिली.

चूक म्हणाल तर तिचीच. येरमाळ्याच्या डोंगरापासून रामलिंगच्या जंगलापर्यंतची दोन दिवसांची पायवाट तिनं स्वतः शोधली होती, करवंदीच्या जाळ्यांतून अंग सोलून घेत. आणि वळणावळणावर बाण काढायला रंग कुठला घेतला, तर शेंदरी! गवतात लांबून उठून दिसतो म्हणे. रविवारी पुण्याहून पहिली मंडळी चालायला येणार होती. बाण कळला नाही तर ती थेट दरीच्या तोंडाशी जाणार, आणि मग या वाटेचं नाव कुणी काढणार नव्हतं. वाट सोडून तिच्याकडं दुसरं होतं तरी काय? मागच्या वर्षी सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. घरात त्यावर कुणी शब्द काढला नाही. घर खायला उठायचं, म्हणून ती रानात यायला लागली होती.

टेकाड चढून ती वळली आणि जागीच थबकली. पाचव्या दगडापुढं तिची सासू बसली होती. सकाळी देवीला जाते म्हणून बाहेर पडलेली धुरपदाबाई! एक पाय लांब केलेला, हातात कुंकवाची डबी.

"आत्याबाई, तुम्ही? म्हणजे हे सगळं तुमचं काम?"

"मग कुणाचं? तू नुसता शेंदूर फासून जातीस. हळद न्हाय, कुकू न्हाय. असा अर्धा नवस फळत नसतोय."

अर्पितानं कपाळाला हात लावला.

"कसला नवस? अहो, हे मी..."

"ऱ्हाऊ दे. मनातलं मागणं सांगायचं नसतं."

म्हातारी गुडघा चोळू लागली. घरातल्या घरात भिंत धरून चालणारी ही बाई एवढी चढून आली कशी, या विचारानं अर्पिताचा जीव आणखीच वैतागला.

"आणि तुम्ही काय मागितलंत? नातू?"

"न्हाय गं. सुनंनं जे मागितलंय ते दे म्हनलं. तू काय मागितलंस, मला कुठं ठावं हाय?"

बाणांचं सांगायचं ओठावर आलं होतं, ते तिथंच राहिलं. ओढणीचं लाल झालेलं टोक अर्पितानं मुठीत आवळलं.

"आत्याबाई, मागचे चार पुसले मी."

"पुसले? आता गं बया!" म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं. "हितवर येताना जीव गेला की माझा! काय करावं ह्या पोरीला?"

पुटपुटत तिनं डबी कमरेला खोचली आणि उठायला हात वर केला. अर्पितानं तो दोन्ही हातांनी धरला, पण ओढायचं तिला सुचेना.

"आता रडतीस कशाला? वढ की मला. ऊन चढायच्या आत चारी परत पुजून येऊ."