बाबांची दारू

दादाच्या हातून काच निसटली, तेव्हा दुकानातल्या लोकांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. आयुष्यभर काचा कापण्यात गेलेला माणूस, दारूच्या थेंबाला न शिवलेला. पण आता त्याचे हात आपोआप उडायचे, पाय वाकडेतिकडे पडायचे, जीभ अडखळायची. मालकानं त्याला घरी बसवलं.

दादा सडाफटिंग, आई थकलेली. तेव्हा सगळं येऊन पडलं ते धाकट्या बहिणीवर. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. ते बंद ठेवून ती दोघांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात असं आणखी कुणाला..."

"कुणाला नाही," आईनं मध्येच तोडलं.

बहिणीच्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले. झोकांड्या खात घरी येणारे, जेवताना ताट सांडणारे. गल्लीतली पोरं मागून त्यांची नक्कल करायची. पिऊन येतात, असं आई सांगायची. बाबा गेले तेव्हा, सुटलो एकदाचे, असंच तिला वाटलं होतं.

घरी आल्यावर तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांच्या तोंडाला कधी वास यायचा का गं?"

आई भाजी निवडत होती. "नाही," ती म्हणाली. निवडणं काही थांबलं नाही.

"मग?"

"सासूबाईंनाही हेच होतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, रक्तातून येतं, पोरांनाही होऊ शकतं. मी काय करायला हवं होतं? दारुड्याची लेक म्हणून का होईना, तुला स्थळ तरी आलं. हे कळलं असतं तर कुणी दारात उभं केलं नसतं."

"तू असं सांगत फिरतेस, हे बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच सुचवलं. म्हणाले, माझी अब्रू जाऊ दे, पोरांचं भलं होऊ दे."

ओरडायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, ते तिनं गिळलं. ती भिंतीला टेकून तिथंच खाली बसली.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनंही तोंड मिटून घेतलं असतं. पण तिच्या लग्न झालेल्या लेकीचा परवाच फोन आला होता, आता आम्ही मुलाचा विचार करतोय म्हणून.

"तिला नको सांगूस," आई म्हणाली. "सुखात आहे पोर."

"मीही सुखातच होते की, आई."

लेक दुपारी दुकानात आली. हिनं इस्त्री करता करताच सगळं सांगून टाकलं. समोर बसून सांगायचा धीर नव्हता. लेक आधी आजीवर भडकली. मग म्हणाली, "आणि तुझं काय?"

"माझं कसलं काय?"

"मामाला झालं म्हणजे तुलाही असू शकतं ना, आई? आधी तुझी तपासणी. तुला नसेल तर मलाही नाही."

दादा, आई, लेक, अजून न जन्मलेलं लेकरू, सगळ्यांचा घोर तिनं जिवाला लावून घेतला होता. त्या रांगेत आपण कुठं उभे आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सदरा जळल्याचा वास सुटला, तेव्हा कुठं तिनं इस्त्री उचलली.

निकाल यायला बराच काळ गेला. तिच्यात दोष नव्हता. दवाखान्याच्या जिन्यात लेक तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. हिला मात्र रडू आलं नाही. आता हे दादाला कोणत्या तोंडानं सांगायचं, याच विचारात ती घरी पोचली.

दादा खुर्चीत होता. "मला नाही निघालं रे," ती खालमानेनं म्हणाली.

त्याचा हात उडून तिच्या खांद्यावर आदळला. थोपटला की नुसताच उडाला, कळायला मार्ग नव्हता. "बरं झालं," तो एकेक शब्द ओढत म्हणाला, "बाबांची इस्टेट... सगळी मलाच."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना.

आई दाराशी उभी होती. "नात येईल का गं आता माझ्याकडं?"

"येईल. इतक्यात नाही," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसून ती उठली आणि दादाला चहा पाजायला बसली. तिनं एका हातानं त्याची मान धरली, दुसऱ्यानं कप. अर्धा चहा सांडला, अर्धा पोटात गेला.